कथील दगा देत नाही

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला, सहदेव कल्हईवाल्याचं दोन खणांचं घर होतं. जातीनं तो माळी. भावांचा नदीकाठी भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. सहदेवला मात्र लहानपणापासून पाण्यापेक्षा विस्तवाची ओढ. वाफ्याला पाणी लावून ये म्हणून पाठवलं, की हा गडी वाफा फुटून वाहून जाईस्तोवर कासमचाचा कल्हईगराच्या भात्यापुढे उकिडवा बसलेला सापडायचा. शेवटी बाप वैतागला. म्हणाला, "जाय बाप्पा, त्याच्याचपाशी ऱ्हाय. तुह्या पायी इथी मेथी सडून राहिली." असा एका माळ्याच्या पोराचा कल्हईवाला झाला.

कासमचाचानं त्याला तीन गोष्टी शिकवल्या. भांडं किती तापवायचं, नवसागराची चिमूट कधी टाकायची आणि कापसाच्या बोळ्यानं कथील कसं फिरवायचं. चौथी गोष्ट त्यानं शिकवली नाही, नुसती सांगितली. "बेटा, तांबा दगा देता है, पीतल दगा देता है. रांगा कभी दगा नहीं देता." रांगा म्हणजे कथील. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात कढी ठेवली की ती कळकते, हिरवी पडते, आणि खाणारा ओकून ओकून अर्धमेला होतो. मधे कथलाचा पातळ पापुद्रा असला की मग आंबट ठेवा, खारट ठेवा, बिनघोर जेवा. सहदेवनं ते वाक्य असं मनात धरलं, जसा एखाद्यानं खंडोबा धरावा.

कथलाला कोणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. बायकांच्या तोंडी म्हण असतेच, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ती कानावर पडली की हा भाता सोडून उठायचा. "काहून वो बाई? सोनं कोनाच्या कढीच्या कामी आलं? कथील नसतं तं हे अर्धं अकोला कढी पिऊनच मेलं असतं!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि पुढच्या खेपेला मुद्दाम तीच म्हण म्हणायच्या. लग्नाला बरीच वर्षं होऊन उशिरा मुलगी झाली, तेव्हा या पठ्ठ्यानं खरोखरच कथलाचे वाळे ओतून तिच्या हातात घातले. पोरीचं नाव शालू. बायको सत्यवती म्हणाली, "लोकं हासतीन." तो म्हणाला, "हासू दे. माह्या पोरीले काई बाधनार नाई."

शालू बापावर गेलेली. ताज्या कल्हईच्या भांड्यात तोंड घालून जीभ काढून बघणं हा तिचा आवडता धंदा. बाप गल्लीत शिरून "कल्हईऽऽ" म्हणून ओरडला, की मागून हुबेहूब त्याच्या आवाजात ही ओरडायची. लोक दार उघडून पाहायचे तर दोन कल्हईवाले, एक धोतरातला आणि एक परकरातला. सहदेवला त्याचा कोण अभिमान! तसं त्याच्या आयुष्यात अभिमान बाळगण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतंच.

मग लढाई पेटली. कथील यायचं मलायातून. तो जपान्यानं घेतला आणि अकोल्यातून कथील नाहीसं झालं. कुठला मलाया आणि कुठला तेल्हारा, पण तेल्हाऱ्याच्या बाजारातसुद्धा कथलाची कांडी दिसेना. बाकीचे कल्हईवाले हुशार. त्यांनी शिसं मिसळायला सुरुवात केली. शिसंही चकाकतं, गिऱ्हाईक चकाकी पाहून खूश होतं आणि पोटात काय जातं ते कोणी विचारत नाही. सहदेवनं ते केलं नाही. शिशानं माणूस खंगतो हे कासमचाचानं त्याला बजावलं होतं. त्यानं भाता आढ्याला टांगला आणि भावांच्या मळ्यातली भाजीची टोपली सत्यवतीच्या डोक्यावर आली. "मान हाय तुमाले," ती म्हणायची, "पन मान काई शिजोता येत नाई." तरी शिसं घाला असं तीही कधी म्हणाली नाही. सांगायचं एवढंच, की हा माणूस लबाड नव्हता, आळशी नव्हता, आणि दुसऱ्याच्या पोराच्या ताटात विष जाऊ नये म्हणून स्वतः उपाशी राहिलेला होता. हे आधी सांगून ठेवतो. पुढचं ऐकताना त्याचा राग येईल, म्हणून.

लढाई संपली. फौजेच्या कोठारातला उरलासुरला माल लिलावात निघाला. अमरावतीचे मोरोपंत वकील, त्यांचा मुलगा वसंत नागपूरला सायन्स शिकून आला होता. त्याला वकिली नको होती, कारखाना हवा होता. त्यानं लिलावातून पांढऱ्या भुकटीची पोती आणि तेलाची पिंपं उचलली आणि अकोल्यात एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये काम सुरू केलं. काय करायचं? तर प्लास्टिकचं आरपार दिसणारं मेणकापड. पावसात अंगावर घ्या, टेबलावर अंथरा. भुकटी तेलात कालवून लापशी करायची, गुळगुळीत पत्र्यावर पसरायची आणि खालून आच द्यायची. पण आच जरा जास्त झाली की सगळं तांबूस पडायचं, धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे. वसंतरावाची पुस्तकी विद्या पत्र्यापुढे थकली. आच ओळखणारा माणूस पाहिजे, असं तो चार लोकांत बोलला, आणि चौघांनीही एकच नाव सांगितलं.

सहदेव पहिल्या दिवशी गेला तेव्हा एका कोपऱ्यात वेगळं ठेवलेलं एक लहान पिंप त्याच्या नजरेस पडलं. आत पिवळसर, जाडसर तेल. वास उग्र. वसंतराव लांब दांड्याच्या पळीनं ते काढत होता आणि नाकाला रुमाल लावून लापशीत थोडंसं टाकत होता.

"हे काय व्हय सायेब?"

"यातच सगळी जादू आहे, सहदेव," वसंतराव म्हणाला. "हे घातलं की कापड करपत नाही, पिवळं पडत नाही. तुझ्याच धंद्यातलं आहे. कथील आहे यात."

सहदेवचा चेहरा असा उजळला, की जणू नुकती कल्हई केलेलं पातेलं. चार-पाच वर्षं ज्याचं दर्शन नाही, ते कथील इथं तेल होऊन बसलेलं! तिथं भांडं कळकू द्यायचं नाही, इथं कापड करपू द्यायचं नाही. काम तेच की! त्यानं पिंपाला हात लावून तो कपाळाला लावला. वसंतराव हसला. त्या हसण्यात त्यानं एक गोष्ट सांगायची राहू दिली. पिंपं विकणाऱ्या गोऱ्या अंमलदारानं त्याला बजावलं होतं, की हे उघड्या हातानं हाताळू नका. वसंतरावाला वाटलं, साहेब लोक काय, विहिरीच्या पाण्यालाही भितात. पण स्वतः मात्र तो लांब पळी वापरत होता. माणसाची भीती खरी कशाला असते, ते त्याच्या हातावरून ओळखावं.

सहदेव पळी कशाला वापरतो? त्यानं जन्मभर कापसाचा बोळा बोटात धरून वितळलेलं कथील फिरवलेलं. तो इथंही तसाच बोळा करायचा, पिंपात बुडवायचा आणि तापत्या पत्र्यावरून फिरवून घ्यायचा, म्हणजे लापशी चिकटत नसे. कापड काचेसारखं निघू लागलं. वसंतराव खूश झाला, मोरोपंत अमरावतीहून पाहून गेले. सहदेवच्या हातावर मात्र लालभडक चट्टे उठले, मग पाण्याचे फोड आले. संध्याकाळी कपाळ ठणकायचं, जेवण जायचं नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. भाजल्याचे डाग हा कल्हईवाल्याच्या कातडीचाच रंग असतो.

त्या वर्षी आंबे उदंड आले आणि शालूच्या अंगावर गळवं उठली. मानेवर, पाठीवर, केसांत. एक बसलं की दुसरं डोकं वर काढायचं. पोरगी रडून रडून बेजार. सत्यवतीनं कांदा भाजून बांधला, निंबाच्या पाल्यानं धुतलं. गळवं हटेनात. तेव्हा सहदेवला आठवण झाली. मागे तो स्वतः अशक्त झाला होता तेव्हा भगवंतराव वैद्यांनी त्याला मधातून वंगभस्म दिलं होतं आणि म्हणाले होते, "तुझंच कथील तुलाच चाटवतोय, सहदेव." वंग म्हणजे कथील. ते वैद्याच्या खलात जाऊन औषध होतं, तर इथं तर आयतं तेलच झालेलं!

त्यानं शेडमधून बाटलीभर तेल आणलं. त्यात करडीचं तेल मिसळलं आणि रोज संध्याकाळी पोरीला मांडीवर पालथी घेऊन फुटलेल्या गळवांवर, सगळ्या पाठीवर, डोक्यावर चोळायला लागला.

"बाबा, चरचर करते," शालू ओरडायची.

"करू दे, माय. कथील हाय. मळ काढून राहिलं."

कातडी लाल झाली, फोड आले. सत्यवती घाबरली. "अवं, हे तं वाढून राहिलं. राहू द्या ना."

"वाढून नाई राहिलं, दोष भाईर पडून राहिला," तो म्हणाला. "तुले काय समजते त्यातलं? कथील कवा दगा देते का?"

हे तो इतक्या खात्रीनं बोलला, की सत्यवती गप्प बसली. ज्या माणसानं शिसं नको म्हणून धंदा सोडला, त्याच्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?

गळवं वाळली, हे खरं. आणि शालू सुकत गेली. आधी डोकं दुखतं म्हणायला लागली. मग ओकारी. उजेड सोसवेना, म्हणून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडायची. बाप नवं पातेलं घेऊन आला, म्हणाला, "पाह्य, तोंड पाह्य आपलं." तिनं डोळे उघडले नाहीत. मग एके सकाळी सत्यवतीला पोरीच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला.

कावीळ म्हटली की दर्यापूरची पार्वताबाई. सहदेव भावाच्या बैलगाडीत पोरीला घालून घेऊन गेला. पार्वताबाईनं चुन्याच्या पाण्यात पोरीचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, ते पाहून सगळ्यांना वाटलं कावीळ उतरली. घरी येऊन सहदेवनं पुन्हा तेल चोळलं. अंगात गेलेलं वाईट बाहेर निघतंय तर उपाय अर्धवट कशाला सोडायचा, असा त्याचा हिशेब. मला विचाराल तर या गोष्टीतलं हे सगळ्यात वाईट आहे. पोरगी जितकी खालावत गेली, तितका बाप जास्त मायेनं चोळत गेला.

शालूचे हातपाय थरथरायला लागले आणि ती बापाला ओळखेनाशी झाली, तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. सत्यवती खाटेपाशी बसली. डॉक्टरांनी पोरीची पाठ पाहिली आणि सहदेवला व्हरांड्यात बोलावलं.

"पाठीला काय लावलंस?"

"कथील, सायेब. कथलाचं तेल. कारखान्यातलं."

डॉक्टर वयस्क होते, ओरडले नाहीत. त्यांनी माणूस पाठवून वसंतरावाला बोलावून घेतलं. दोघं इंग्रजीत बोलले. वसंतरावाचा चेहरा उतरत उतरत भुकटीसारखा पांढरा झाला. तो मराठीत एवढंच म्हणाला, "मला वाटलं, साहेब लोक उगाच भितात." मग तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि सहदेवकडे पाहीना.

डॉक्टर सहदेवकडे वळले. "तू कल्हईवाला ना? तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितोस?"

"हो जी."

"मोरचूद पिशील?"

"नाई सायेब. जहर हाय ते."

"मोरचुदात तांबंच असतं. तांब्याला दुसऱ्याची संगत लागली, की त्याचं मोरचूद होतं. तसंच तुझं कथील. भांड्यावरचं निराळं आणि हे तेल निराळं. हे कातडीतून आत शिरतं, डोक्यात जातं, काळजात जातं."

सहदेवनं पुढचं ऐकलं नाही. त्याला कढी दिसायला लागली, हिरवी पडलेली कढी. आंबटाची संगत झाली की तांबं विष होतं, हे तर तो रोज दारोदार ओरडून सांगत आला होता! त्यावर त्याचं पोट होतं. जे तांब्याचं होतं ते कथलाचंही होईल, एवढं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. ज्याच्यावर आपण भक्ती करतो त्याची परीक्षा कोण घेतो?

"वाचन ना जी पोरगी?" त्यानं विचारलं.

"आम्ही प्रयत्न करतो," डॉक्टर म्हणाले. "पण यावर उतारा माझ्यापाशी नाही."

दोन दिवसांनी, ऐन दुपारी शालू गेली. सत्यवतीच्या मांडीवर गेली. न्हाण आलं नव्हतं, तेव्हा जाळली नाही. मोर्णेच्या पलीकडे मातीत ठेवली. कथलाचे वाळे कधीच लहान झाले होते आणि घरात खुंटीला लटकत होते. सहदेवनं ते काढून नदीत फेकले. सत्यवतीला वाटलं, दुःखानं फेकले.

तिला काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर व्हरांड्यात बोलले ते तिनं ऐकलं नव्हतं आणि सहदेवनं तिला ते सांगितलं नव्हतं. रोज तो ठरवायचा, आज सांगतो. आणि रोज सत्यवती भाकरी पुढे ठेवून म्हणायची, "खा थोडं. तुमी तं आपल्याकडून काई कमी केलं नाई." मग तो भाकरी तशीच सोडून उठायचा.

तेलाची ती बाटली अजून घरातच होती. टाकायची कुठं? नदीत ओतावी तर खालची वस्ती तेच पाणी भरते. भावाच्या मळ्यात ओतावी तर मेथी लोकांच्या घरी जाते. रस्त्यावर फोडावी तर पोरं अनवाणी हिंडतात. बाटलीभर तेल आणि त्याला अख्ख्या अकोल्यात जागा नव्हती. त्यानं ती आढ्याजवळच्या फळीवर, भात्याच्या मागं सरकवून ठेवली आणि तिकडं पाहणं सोडलं.

तेराव्याला घरात बायका जमल्या. शेजारची वच्छला लेकराला कडेवर घेऊन आली होती. लेकराच्या डोक्यात गळवं झाली होती, माशा बसत होत्या. सत्यवती बायकांना सांगत होती, "माह्या शालूच्या बापानं पोरीची जशी सेवा केली, तशी माय नाई करनार. रोज मांडीवर घेऊन औषद चोळलं. कोनाचा बाप एवढं करते वो?" बायका डोळे पुसत होत्या. सहदेव दारात बसून ऐकत होता. त्याच्या फोड आलेल्या हातांची कातडी सुटून निघत होती आणि तो ती ओढून काढत होता.

सत्यवतीची नजर वच्छलाच्या पोराकडं गेली. "अवं, हे पाह्य, याची गळवं! आमच्या घरी हाय ना औषद. शालूची गळवं बसली होती त्यानं. कावीळ झाली म्हून गेली बिचारी, नाई तं..." ती उठली, तिनं पाटावर चढून भात्यामागून बाटली काढली आणि वच्छलाच्या हातात दिली. "कथलाचं हाय. चरचर करते थोडं, पन भेऊ नोको. रोज चोळ."

वच्छलानं बाटली कमरेला खोचली.

सहदेवला क्षणभर वाटलं, गप्प राहावं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यानं पुढं स्वतःच ते एकदा कबूल केलं. गप्प राहिलं तर सत्यवतीच्या तोंडची ती शाबासकी जन्मभर राहील, आणि बाटली वच्छलाकडून मागाहून गुपचूप मागून आणता येईल. पण वच्छलानं बूच उघडून वास घेतला आणि बोट बुडवायला गेली. तो उठला, दोन बायकांना ओलांडून गेला आणि बाटली हिसकावून घेतली.

"नोको लावू त्याले!"

"काहून, भाऊ?"

"जहर हाय." मग तो सत्यवतीकडे वळला. "कावीळ नोती. याच्यानंच गेली आपली पोरगी. डाक्तरानं सांगतलं मले. मीच चोळलं."

वच्छला लेकराला छातीशी धरून मागे मागे सरकत दाराबाहेर गेली, तिच्यामागून एकेक उठून गेल्या. सत्यवती पाटावर तशीच उभी होती. तिनं हंबरडा फोडला असता, त्याला मारलं असतं, तरी त्याला बरं वाटलं असतं. ती खाली उतरली, म्हणाली, "शालू म्हनत होती, बाबा चरचर करते," आणि चुलीपाशी जाऊन बसली.

बाटली सहदेव डॉक्टरांकडं देऊन आला. वसंतरावानं कारखाना बंद करून अमरावती गाठली. पुढं बाजारात कथील आलं, आणि सहदेवनं भाता खाली काढला, कारण दुसरं काही त्याला येत नव्हतं. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, लग्नसराईत तो पूर्वीसारखाच गावोगाव हिंडायला लागला. फक्त गल्लीत शिरल्यावर ओरडत नसे. ओरडलं की मागून दुसरा आवाज येईल असं त्याला वाटायचं, आणि तो येत नसे. लोक भात्याच्या आवाजावरून ओळखून भांडी बाहेर आणत. नवसागर टाकताना तो तोंडाला फडकं बांधायचा आणि जवळ येणाऱ्या पोरांवर खेकसायचा. त्याच्या हातची कल्हई अजूनही अकोल्यात सगळ्यांत चांगली होती.

त्याच्या घरात मात्र एकही पितळेचं भांडं उरलं नव्हतं. सत्यवतीनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी भांडी दिराच्या घरी पोचती केली आणि कुंभाराकडून गाडगी आणली. वरण गाडग्यात, कढी गाडग्यात, भाजी गाडग्यात. ती नवऱ्याला वाढायची, त्याच्या हातांना तेल लावायची, आजारपणात उशाशी बसायची. पण कल्हईवाल्याच्या घरात कल्हईचं भांडं चढलं नाही ते नाहीच.

बरीच वर्षं गेल्यावर एकदा तो तिच्याजवळ बसला. म्हणाला, "एक पातेलं आणतो. मी सोता कल्हई करून देतो. चांगलं कथील आलं हाय आता. गाडगं फुटते, तुले तरास होते."

सत्यवती चुलीवरची कढी हलवत होती. तिनं मान वर केली नाही.

"नोको," ती म्हणाली. "मातीचंच राहू द्या. मातीत माही शालू हाय, तिचं मले भेव नाई."

सहदेवनं भाता खांद्यावर घेतला आणि दर्यापूरच्या वाटेला लागला.